जिथं थांबलीस तिथला सूर

गुरुवारी संध्याकाळी पाच वाजून चाळीस मिनिटांनी वैजयंतानं विचारलं, "माझ्या वेळी सूर का नाही धरला कुणी?"

आणि तिथूनच सगळं सुरू झालं.

वेळ तिला पक्की ठाऊक होती. मांडीवर आठ महिन्यांची पोर. तिच्या दुधाची वेळ टळू नये म्हणून वैजयंता सारखी भिंतीवरच्या घड्याळाकडं बघत होती. घड्याळ, पोर, घड्याळ, पोर... असं तिचं चाललं होतं.

 दस्तगीरबाबा भोपळा पालथा घालून तो बोटांनी वाजवून बघत राहिले.

बाबा एकतारी करायचे. अंगणभर भोपळे वाळत पडलेले असायचे. दर गुरुवारी त्या भोपळ्यांत वाट काढत चार-सहा गाणारे-वाजवणारे यायचे आणि सतरंजीवर बसायचे. गल्लीतले लोक ह्या जमण्याला कच्ची बैठक म्हणायचे.

कारण तिथला नेमच तसा होता. जे अजून जमलेलं नाही, तेच तिथं म्हणायचं. जिथं अडेल तिथं थांबायचं. मग बाकीच्यांनी तोच सूर उचलायचा आणि धरून ठेवायचा. थांबलेला माणूस श्वास घेईपर्यंत. कुणी वाहवा म्हणायचं नाही, कुणी चूक काढायची नाही. चेष्टा केलेली मात्र चालायची.

त्या दिवशीही तसंच झालं होतं. लग्नाच्या बँडमध्ये क्लॅरोनेट वाजवणारे गजाबाप्पा नवी चाल घेऊन आले होते. मधेच क्लॅरोनेट किंचाळलं.

"बाप्पा, आत उंदीर शिरला का वो?" शेवंताकाकू म्हणाल्या.

सगळे हसले. बाप्पासुद्धा. आणि हसता हसता सगळ्यांनी बाप्पांचा तो अडलेला सूर धरला. बाप्पांनी डोळे मिटले, छाती भरून श्वास घेतला आणि चाल चार पावलं पुढं गेली.

मग शेवंताकाकूंची ओवी. ती गेले कित्येक गुरुवार एकाच शब्दाशी अडलेली. तरी सगळ्यांनी धरली.

मग वैजयंता.

तिनं स्वतः बांधलेलं भजन म्हटलं. तीन महिने घासूनपुसून तयार केलेलं. कुठं कण राहिला नाही, कुठं खडा राहिला नाही. शेवटी नेमकी 'सा'वर आली आणि थांबली.

कुणी सूर धरला नाही.

सगळ्यांनी हात जोडले. इक्बालनं ढोलकी बाजूला सरकवली. बस्स.

तीन वर्षांनी ती त्या अंगणात पाय ठेवत होती. तीन वर्षांनी! आणि हे असं...

"बाबा, मी काहीतरी विचारलं."

"ऐकलं, पोरी."

"मग?"

"भजन छान हाय तुझं."

"छान आहे तर गप्प का बसलात?"

"पुरं होतं."

"पुरं असणं गुन्हा झाला का?"

"न्हाई..." बाबांनी भोपळा खाली ठेवला. "आम्ही हात पुढं केला हुता. तू हातात काय दिलंच न्हाईस."

वैजयंताच्या कानाच्या पाळ्या तापल्या. तिला वाटलं, हे बोलणं म्हणजे हुशारी दाखवणं. बाप्पांचं क्लॅरोनेट किंचाळतं त्याचं कौतुक, आणि आपण तीन महिने पोरीला पायावर झोपवून, पाय बधिर होईतो जे बांधलं त्याला काहीच नाही!

तिनं शेजारी ठेवलेली एकतारी उचलली. बाबांनीच तिला दिलेली, ती पहिल्यांदा इथं आली तेव्हा. ती तिनं बाबांच्या पुढ्यात ठेवली.

"ही घ्या तुमची."

"का गं?"

"मी आता गाणार नाही. आज बघायलाच आले होते, जमतंय का. नाही जमलं. पोर आहे, घर आहे. आमच्या घरात तरी कुणाला हवंय गाणं? सासूबाई भाकरी थापताना काहीतरी गुणगुणतात, मी आत गेले की गप्प होतात. तसंच बरं. ज्याचं त्यानं आपल्या तोंडात ठेवावं."



बाबांनी एकतारी घेतली नाही. ढकललीही नाही. ती तिथंच राहिली, दोघांच्या मधे.

पोर चुळबुळली. तिच्या गालावर काजळाची तीट होती, कपाळावर होती, तळपायालाही होती. दंडात काळा दोरा.

"ये गं इकडं," शेवंताकाकूंनी हात पुढं केले. "नाव काय म्हणालीस हिचं?"

"धोंडी."

"अगं बाई! इतकी लोण्यासारखी पोर, आणि धोंडी?"

"तेच बरं, काकू."

शेवंताकाकूंनी पुढं विचारलं नाही. पहिलं मूल गेलं की दुसऱ्याला धोंडी, दगडू असं काहीतरी म्हणतात. म्हणजे कुणाची नजर जात नाही. हे तिथं सगळ्यांना माहीत होतं. आणि वैजयंताचं पहिलं मूल गेलं, हेही माहीत होतं.

वैजयंता पदर सावरून उठली.

तेव्हा इक्बाल हळूच म्हणाला, "बाबा... आज ती हितंच हाय. म्हणायचं का नको?"

गजाबाप्पांनी मान खाली घातली. शेवंताकाकू पोरीच्या दंडातला दोरा उगाचच सरळ करत बसल्या.

"काय म्हणायचं?" वैजयंतानं विचारलं.

बाबा म्हणाले, "उठताना एक म्हणतो आम्ही. दर गुरुवारी. तुझी हरकत असंल तर न्हाई म्हणत."

"माझी कशाला हरकत?"

"ऐकून सांग."

तिनं घड्याळाकडं बघितलं. सहाला पाच कमी. दूध पाजायला हवं... पण पोर काकूंच्या मांडीवर मजेत होती, काकूंच्या बांगड्या ओढत होती. वैजयंता उभीच राहिली, दाराच्या दिशेला एक पाय टाकून.

बाबांनी तिच्याच एकतारीची तार छेडली.

शेवंताकाकूंनी सुरू केलं. त्यांचा आवाज जाडाभरडा, पण त्या अगदी हळू म्हणाल्या, शेजारी कुणी निजलं असावं तसं.

*हळू हल रे पाळण्या, उंबऱ्यात ऊन आलं,*
*बाळाच्या गं टाळूसाठी तेल कोमट झालं...*

दाराकडं टाकलेला पाय वैजयंतानं मागं घेतला.

हे तिचं होतं.

पहिल्या वेळी सातवा महिना चालू होता तेव्हा हा पाळणा तिनं बांधायला घेतला होता. इथंच, ह्याच सतरंजीवर, पोटावर हात ठेवून म्हटला होता. बारशाच्या पाळण्यात शेवटी नाव येतं. नाव अजून ठरायचं होतं, म्हणून ती नावापाशी येऊन थांबली होती. सगळ्यांनी सूर धरला होता. ती हसली होती आणि म्हणाली होती, "पुढचं बाळ आल्यावर."

बाळ आलं. बारशाच्या आधीच गेलं.

तेव्हा शेजारची एक बाई दारात उभी राहून दुसरीला म्हणाली होती, "बाळ यायच्या आधी पाळणा म्हणतात का कुणी?" ती बाई सहज बोलून गेली. पण ते वाक्य वैजयंताच्या आत जाऊन बसलं, ते उठलंच नाही. तेव्हापासून तिनं अर्धं असं काही कुणाला दाखवलं नाही. दुसऱ्या वेळी दिवस गेले तर सहा महिने आईलासुद्धा सांगितलं नाही. विणायला घेतलेलं टोपडं कुणी आलं की उशीखाली. भजन बांधलं तेही दार लावून. आणि ह्या पोरीला... ह्या पोरीला तिनं आठ महिन्यांत एकदाही पाळणा म्हटला नव्हता. नुसती थोपटायची.

*आत्याबाई वाकली गं कानामधी सांगायाला,* इक्बाल म्हणत होता, *मावशीनं हात दिला झोळी हलवायाला...*

आणि मग सगळे मिळून,

*नाव बाई ठेविलं...*

इथं थांबले.

शब्द संपले. सूर राहिला. गजाबाप्पांनी तोच सूर क्लॅरोनेटवर इतक्या हलक्या फुंकरीनं धरला की तो आहे का नाही कळू नये. काकूंनी धरला. इक्बालनं धरला. एकाचा दम संपला की दुसरा चालू ठेवत होता. मधे खंड म्हणून नाही.

वैजयंता खाली बसली. 

"हे... हे तुम्ही अजून..."

"दर गुरुवारी," इक्बाल म्हणाला आणि लगेच परत सुरात गेला.

"माझं बाळ गेलं, बाबा. मग कशाला? कशाला धरून बसलात?"

बाबांनी तार सोडली नाही.

"नेम काय हाय हितला?"

"थांबलेला श्वास घेईपर्यंत..." ती बोलता बोलता थबकली.

"तू घेतला न्हाईस, पोरी. अजून घेतला न्हाईस."

...

तिनं तोंडात पदर धरला. पण रडू पदरात मावण्यातलं नव्हतं. ती रडली. लहान पोर रडतं तशी, नाक ओढत, आवाज करून. कुणी उगी म्हटलं नाही, कुणी पाणी दिलं नाही. कुणी उठलं नाही. सूर मात्र खाली ठेवला नाही कुणी. बाप्पांच्या मानेच्या शिरा तट्ट फुगल्या होत्या, तरी.

रडता रडता मधेच तिला मोठा श्वास आला. आतून, पार बेंबीपासून.

सूर थांबला.

अंगण एकदम शांत झालं. एवढं शांत, की पोरीलाही काहीतरी राहिलंय असं वाटलं असावं. काकूंच्या मांडीवरून तिनं मान वर केली आणि आपल्या दोन दातांतून, तोंड भरून,

"आ..."

"अगं, हिनं धरला!" शेवंताकाकू ओरडल्या. "बाप्पा, तुमच्यापेक्षा सरळ धरला बघा पोरीनं!"

"मला दात जास्त हायेत म्हणून अडतं," बाप्पा म्हणाले. बोलताना त्यांनी डोळे पुसले.

वैजयंता हसली. नाक वाहत होतं, पण हसली. तिनं पोरीला उचलून घेतलं, छातीशी धरलं. मग, कुणाकडं न बघता, अगदी हळू, आवाज फाटत असतानाच तिनं पाळणा सुरू केला. उंबऱ्यातलं ऊन आलं, कोमट तेल आलं. आत्याबाई वाकली, मावशीनं हात दिला. दोनदा सूर चुकला. तो चुकू दिला तिनं.

*नाव बाई ठेविलं...*

थांबली.

ह्या खेपेला सगळ्यांनी धरला. धरणारच.

वैजयंता पोरीच्या कानाशी वाकली आणि काहीतरी बोलली. ओठ हलले तेवढं दिसलं. पोर गुदगुल्या झाल्यासारखी खिदळली.

"काय गं?" शेवंताकाकूंना राहवलं नाही. "काय सांगितलंस तिला? धोंडी न्हवं ते! मी बघितलं तुझं तोंड. सांग की!"

वैजयंतानं पोरीच्या कानावर हात ठेवला. गालावरची काजळाची तीट अश्रूंनी पसरली होती, ती पदरानं पुसली. परत लावली नाही.

"अजून कच्चं आहे, काकू," ती म्हणाली. "पुढल्या गुरुवारी आणते."

मग तिनं घड्याळ बघितलं आणि जीभ चावली. दुधाची वेळ कधीच टळून गेली होती. तिथंच भिंतीकडं तोंड करून तिनं पोरीला पाजलं. गजाबाप्पा क्लॅरोनेट पुसत बसले. इक्बालनं ढोलकी गवसणीत घातली.

निघताना ती दाराशी गेली आणि माघारी आली. एकतारी उचलून खांद्याला लावली. एका कडेवर पोर, एका खांद्यावर भोपळा. अशी ती वाळत घातलेल्या भोपळ्यांतून सांभाळून चालू लागली.

"वैजू," बाबांनी हाक मारली.

ती वळली.

"घरी गेलीस की सासूला निरोप दे. म्हणावं, गुरुवारी दस्तगीरनं बोलावलंय. आणि पुरं करून आणू नका, म्हणावं."