रुमालाचं पेटंट

पेटंट म्हणजे कुणी आधी न वापरलेल्या नव्या युक्तीवर ठोकलेली मालकीची पाटी. ती बड्या कंपनीने ठोकली, की लहानांनी डोकं चालवणंही गुन्हा ठरतो.

गडहिंग्लजच्या रेवती पट्टणशेट्टीने पिठाच्या गिरण्यांसाठी एक ॲप केलं होतं. घरबसल्या नंबर लावायचा, पाळी आली की डबा घेऊन जायचं. ते चालू लागताच एका बड्या कंपनीचे वकील सरंजामेसाहेब तिच्या छोट्याशा ऑफिसात उगवले.

"माणूस हजर नसताना खुणेवर त्याची जागा राखायची, ही आमची पेटंट घेतलेली पद्धत आहे," साहेबांनी बजावलं. "ॲप बंद करा, नाहीतर कोर्टात झिजाल!"

कोर्ट म्हणजे कंपनीची करमणूक, पण रेवतीचं दिवाळं.

एवढ्यात साहेबांचा फोन वाजला. पंख्याखालच्या खुर्चीवर रुमाल टाकून ते बाहेर गेले. रेवतीने रुमालाकडे पाहिलं आणि कामासाठी आलेल्या गिरणीवाल्या चौगुलेकाकांना त्याच खुर्चीत बसवलं.

साहेब परतले ते कडाडतच. "उठा! रुमाल दिसला नाही? ही जागा माझी आहे!"

"माणूस बाहेर आणि खूण खुर्चीवर," रेवती म्हणाली. "पेटंटवाल्या कंपनीची परवानगी घेतलीत का, साहेब?"

"काहीतरीच! रुमाल टाकायला परवानगी कसली? माझे आजोबासुद्धा एसटीत असंच करायचे!"

"मग भेटू कोर्टात. माझे पहिले साक्षीदार तुमचे आजोबा!"

चौगुलेकाकांनी बुडाखालचा रुमाल काढून साहेबांच्या हातात दिला. घाम पुसायला.