तुंगाची काळी चाकं

फार मागे, खेळण्यांनाही वाचा होती तेव्हाची गोष्ट. एका टेबलावर तुंगा नावाची इंजिनबाई सहा डबे ओढायची. रुळांतली वीज चाकांतून तिच्या पोटात जायची आणि ती धावायची.

तुंगा मोठी तोऱ्याची. रोज तेलाची आंघोळ हवी म्हणून हटून बसायची. मालकही लाडानं चाकांवर तेल ओतायचा. पण हल्ली ती चार बोटं चालायची, गचका खायची नि थांबायची. मालक वैतागून म्हणाला, "उद्या पुलावर थांबली, तर खोक्यात घालतो हिला!"

 "रूळच मेले वाकडे!" तुंगा करवादली.

"होय तर, तुम्ही तेवढ्या सरळ," शेवटचा डबा खिदळला.

कोपऱ्यातली चिंधी म्हणाली, "बाई गं, तेल चाकांमधल्या आसाला हवं. चाकांवर त्याचा धुळीशी लेप झालाय. वीज आत शिरणार कुठून?"

"फाटकी तू, मला शिकवतेस?"

"फाटकी खरी, पण कोरडी आहे." चिंधी रुळावर पसरली. "मागची चाकं रुळावर ठेव, पुढची माझ्या अंगावर फिरव. मग तोंड फिरवून मागचीही पूस."

तुंगानं खोक्याकडे पाहिलं आणि ती चिंधीवर चढली. चिंधी काळीकुट्ट झाली, चाकं लखलखली.

दुसऱ्या दिवशी तुंगानं सहाही डबे एका दमात पुलापार नेले.

"आज तेल नाही लावलं वाटतं?" शेवटच्या डब्यानं खवचटपणे विचारलं.

तुंगा मान ताठ करून म्हणाली, "तेल तू लाव. मला चिंधीताईंचा हात पुरतो."