नीहारेचे पाणी आणि वैतसीची साक्ष

पूर्वी, कृतयुगाचा सूर्य कलून त्रेतायुगाची दीर्घ छाया पृथ्वीवर पसरू लागली होती, त्या संधिकाळी उत्तर दिशेला धवलशृंग नावाचा महापर्वत उभा होता. त्याच्या मस्तकावरचे हिम मन्वंतरांपासून थरावर थर साचत आले होते आणि ग्रीष्मात त्याचा जो अल्पसा अंश वितळे, त्यातूनच नीहारा ही पुण्यसलिला नदी बारा महिने वाहत असे. देवदारांच्या घनदाट अरण्यातून खाली उतरताना ती प्रथम अश्मकूट नावाच्या डोंगराळ राज्यातून जाई आणि मग शालिप्रस्थाच्या सपाट, सुपीक भूमीत संथपणे पसरे.

वरच्यांचे आणि खालच्यांचे वैर जुने होते. पिढ्यान्‌पिढ्या त्यांनी एकमेकांची गुरे पळवली, एकमेकांचे बांध फोडले, एकमेकांच्या प्रेतांनी नदी विटाळली. अखेर तौषार नावाच्या महामुनींनी दोन्ही राज्यांच्या सीमेवर, नदीच्या ऐन पात्रात, एक उंच पाषाणस्तंभ रोवला. त्यावर त्यांनी वीस रेषा कोरल्या आणि दोन्ही राजकुळांना जलाधिपती वरुणाच्या नावाने शपथ घ्यायला लावली. वैशाखी पौर्णिमेला पाणी जितक्या रेषांपर्यंत चढेल, त्यांचे दोन समान भाग करायचे. पाणी वाढले तर दोघांचे वाढेल, घटले तर दोघांचे घटेल.

तौषार मुनींनी देह ठेवल्यावर स्तंभाची राखण त्यांची शिष्या वैतसी हिच्याकडे आली. नावाड्याच्या कुळात जन्मलेली ही तपस्विनी उंच, सडपातळ आणि मितभाषिणी होती. पौर्णिमेच्या सकाळी ती कमरेइतक्या पाण्यात उतरे, रेषा मोजे आणि मोठ्याने उच्चारी. तिचा शब्द ऐकून दोन्ही तीरांवरचे सशस्त्र लोक मुकाट्याने घरी परतत. तिचे आणखी एक व्रत होते, ते मात्र फारसे कोणाला ठाऊक नव्हते. दर वसंतात ती एकटी धवलशृंगावर चढे आणि हिमाची कड जिथे संपे तिथे एक दगड ठेवून येई.

पुढे अश्मकूटच्या सिंहासनावर उग्रकेतू बसला आणि शालिप्रस्थाच्या सिंहासनावर रणंजय. एक पर्वतासारखा धिप्पाड व संतापी, दुसरा गोरापान, मधुरभाषी आणि आतून तितकाच क्रूर. दोघांनाही लोहाची शस्त्रे हवी होती, दोघांनीही एकमेकांपासून लपवून अग्निदेवाची आराधना केली. प्रसन्न झालेल्या हुताशनाने दोघांनाही एकच वर दिला, "तुम्ही मला खाऊ घालत राहाल तोवर तुमच्या भट्ट्या कधी विझणार नाहीत." मग काय विचारता! वर देवदार पडू लागले, खाली सालवृक्ष आणि शिसव. वीस वर्षे दोन्ही राज्यांवर रात्रंदिवस धूर साचून राहिला, त्याने आकाश तापले, ऋतूंची वेळ चुकू लागली आणि वाऱ्याबरोबर उडालेली काजळी धवलशृंगाच्या शुभ्र मस्तकावर जाऊन बसली.

आणि नवल असे घडले, की नीहारेचे पाणी वाढले! बारा रेषांची नदी पंधरावर गेली, पंधराची अठरावर. दोन्ही राज्यांत देव पावल्याचे नगारे वाजले.

त्या वर्षी वैतसी पर्वतावर गेली तेव्हा आदल्या वसंतातला तिचा दगड उघड्या मातीत पडलेला होता. हिमाची कड गाठायला तिला आणखी अर्धा दिवस चढावे लागले. तिथे काळवंडलेल्या हिमातून शेकडो ओहोळ घामासारखे निथळत होते. तिच्या मनात लख्ख प्रकाश पडला. हा नदीचा प्रसाद नव्हता, पर्वत आपला देह गमावत होता.

ती खाली आली तो स्तंभापाशी मंडप उभारलेला. तीन पिढ्यांत प्रथमच दोन्ही राजे एका आसनावर बसले होते. उग्रकेतूने उठून तिला वंदन केले.

"भगवती, आम्ही नवा करार करत आहोत. निम्मे-निम्मे करण्याची ही कटकट पुरे झाली. पाणी चढो वा उतरो, पहिल्या सहा रेषा अश्मकूटच्या, कायमच्या, यावच्चंद्रदिवाकरौ. उरलेले सगळे पाणी शालिप्रस्थाचे. तुझी साक्ष हवी."

रणंजय हसून म्हणाला, "उरलेल्या बारा रेषा म्हणजे सहाच्या दुप्पट. अश्मकूटच्या राजाला डोंगरावरच्या खडकांत तेवढेच पुरते, तर मी कशाला नको म्हणू?"

वैतसीच्या ओठांवर शब्द आले होते. पण भोवती दोन्ही राज्यांचे लोक गळ्यात गळा घालून नाचत होते, ज्यांचे बाप एकमेकांच्या हातून मेले होते ते एका पात्रातून पायस खात होते. या आनंदात विष कशाला कालवायचे, असे तिला वाटले. आपल्या वाणीने हा तह झाला अशी कीर्ती होईल, असेही क्षणभर वाटून गेले. तिने ओंजळीत पाणी घेतले आणि म्हटले, "मी साक्षी आहे."

अठरा रेषांच्या भरवशावर शालिप्रस्थाने माळरानांवर भात लावला आणि उसाचे मळे उठवले. अश्मकूटने डोंगर फोडून पाट नेले. दहा वर्षे गेली. पर्वतावरचे हिम विरत गेले, तसे विरायलाही फारसे काही उरले नाही. नदी चौदावर आली, मग दहावर, मग आठवर. आणि एका वैशाखी पौर्णिमेला वैतसी पाण्यात उतरली तेव्हा पाणी तिच्या गुडघ्यांनाही लागले नाही.

"सहा," ती म्हणाली.

उग्रकेतू तीरावरून गरजला, "सहा माझ्या! करार स्पष्ट आहे. पाटांची दारे उघडा!"

"आणि माझ्या लक्षावधी प्रजेने काय प्यावे?" रणंजयाचा मधुर स्वर त्या दिवशी पार बदलला होता. "चिखल चाटावा?"

"बारा रेषा गिळताना तुला माझी आठवण झाली होती का रे? तेव्हा माझ्या खडकांना हसलास. आता चिखल चाट, नाहीतर तुझ्या उसाचा रस पी."

"उग्रकेतू, या पात्रात पाणी नसेल तर रक्त वाहील!"

"वाहू दे. तेही उतारानेच येईल, तुझ्याच दारात."

वैतसीने दोन्ही हात उभारले. "राजांनो, थांबा! हा करार खोटा आहे. पाणी वाढले तेव्हाच हिम संपत होते. मी स्वतः पाहिले होते."

मग रणंजयाने तिच्याकडे विखारी नजरेने पाहिले. "पाहिले होतेस? आणि साक्ष दिलीस? याने तुला काय दिले, नावाड्याच्या पोरी?"

"तिला मी काय देणार!" उग्रकेतू खवळून म्हणाला. "ठरलेला करार आज ती मोडू पाहते आहे, तीही तुझ्यासाठी. विकली गेली असेल तर तुलाच."

ज्या वाणीवर दोन राज्ये विसंबली होती, ती त्या सकाळी कवडीमोल झाली.

ग्रीष्मभर शालिप्रस्थात गुरे मेली, विहिरी आटल्या, तान्ह्या मुलांसाठी आयांच्या छातीत दूध उरले नाही. तिकडे उग्रकेतूने नदीच्या कंठालाच शिळांचा प्रचंड बांध घातला. आषाढात रणंजय चतुरंग सेना घेऊन चालून आला आणि नीहारेच्या कोरड्या पात्रात घनघोर युद्ध जुंपले. न विझणाऱ्या भट्ट्यांतून निघालेल्या लोहाची तशाच भट्ट्यांतल्या लोहाशी गाठ पडली. रथांची चाके वाळूत रुतली, हत्ती तृषेने वेडे होऊन आपल्याच पायदळाला तुडवू लागले. तिसऱ्या दिवशी रणंजयाचा ज्येष्ठ पुत्र सुकेतन उग्रकेतूच्या भाल्याने पडला. चौथ्या दिवशी उग्रकेतूचा एकुलता एक पुत्र शतधार याचे मस्तक रणंजयाने आपल्या हाताने उडवले.

या काळात वैतसी पर्वतावर गेली होती. हिमाच्या जागी तिला वितळलेल्या पाण्याचे एक विस्तीर्ण, काळेनिळे सरोवर दिसले. खडी आणि कुजके हिम यांच्या एका ठिसूळ भिंतीने ते कसेबसे अडले होते. त्यावर हिमाऐवजी उष्ण, मुसळधार पाऊस कोसळत होता आणि भिंत पाझरू लागली होती. वैतसी जिवाच्या आकांताने खाली धावली. काट्यांनी वल्कले फाटली, पाय रक्तबंबाळ झाले. ती दोन्ही सैन्यांच्या मधोमध जाऊन उभी राहिली.

"पात्रातून बाहेर पडा! पर्वतावरचे सरोवर फुटते आहे! दोन्ही तीरांवर चढा, आत्ता, या क्षणी!"

उग्रकेतूने पुत्राच्या रक्ताने माखलेले मुख वर केले. "मी पात्र सोडावे आणि याने माझा बांध फोडावा, होय ना? ही चाल कोणाची?"

"मी माघार घ्यावी म्हणून तिला याने पाठवले," रणंजय ओरडला. "तपस्विनी, एकदा स्पष्ट सांग, तू कोणाच्या बाजूची?"

"मी नदीच्या बाजूची आहे!"

कोणी ऐकले नाही. एका सैनिकाने तिला ढकलून तीरावर फेकले, म्हणूनच ती वाचली. पुढल्याच घटकेला डोंगरातून असा गडगडाट उठला की घोडे जागच्या जागी बसले. शिळा, चिखल आणि उन्मळलेले देवदार घेऊन पाण्याची भिंत आली. उग्रकेतूचा बांध तिने मडक्यासारखा फोडला, दोन्ही सैन्ये उचलली आणि खाली शालिप्रस्थाच्या तहानलेल्या गावांवर नेऊन आपटली. ज्यांनी पाण्यासाठी नवस केले होते ते पाण्यातच बुडाले. दोन्ही राजे मात्र एकाच वृक्षाच्या दोन फांद्यांना धरून, परस्परांकडे जळजळीत डोळ्यांनी पाहत, जिवंत राहिले.

पूर ओसरल्यावर वैतसी त्या चिखलात स्तंभापाशी आली. स्तंभ अजून उभा होता. तिच्या अंगी तीस वर्षांहून अधिक काळाचे तप होते आणि ते सारे क्रोध होऊन उसळले. तिने ओंजळीत गढूळ पाणी घेतले. "हे पापी राजांनो, तुमची कुळे—"

"थांब."

पश्चिमेचे आकाश काळवंडले आणि मकरावर आरूढ, हाती पाश धारण केलेला साक्षात वरुण प्रकट झाला. त्याचे मुख शांत होते आणि त्या शांतपणाचीच भीती वाटत होती.

"शाप देण्याआधी मला उत्तर दे," वरुण म्हणाला. "माझ्या नावाने हे पाणी हातात घेऊन तू खोट्या कराराला साक्ष दिलीस. का?"

वैतसीच्या ओंजळीतले पाणी गळून गेले. "देवा, ते आनंदात होते. मला तो आनंद मोडवेना. आणि... माझे नाव होईल असे मला वाटले."

"राजे आंधळे होते. तू डोळस होतीस. कोणाचा अपराध मोठा?"

"माझा," ती म्हणाली. तिने मस्तक चिखलावर टेकले. "मला हवा तो दंड द्या. पण माझे तप घ्या आणि धवलशृंगाला त्याचे हिम परत द्या."

वरुण म्हणाला, "जे साचायला मन्वंतरे लागली, ते वराने एका क्षणात परत येत नाही, मुली. ते माझ्या हाती नाही, ब्रह्मदेवाच्याही नाही. दुसरे माग."

वैतसी रडली. मग उठून बसली आणि म्हणाली, "तर मग एवढे द्या. या नदीचे खरे माप यापुढे कोणा एकालाच दिसू नये. मी एकटीने पाहिले आणि एकटीने लपवले. दोन्ही तीरांची माणसे एकमेकांशेजारी उभी राहतील तेव्हाच स्तंभावरच्या रेषा दिसाव्यात."

"तथास्तु," वरुण म्हणाला. "आणि दंड असा, की पुढचा वैशाख तू पाहणार नाहीस. तू फक्त ऐकशील." त्याने पाशाने तिच्या पापण्यांना स्पर्श केला आणि तिच्या डोळ्यांतला प्रकाश मावळला. मग वृक्षावरून खाली उतरलेल्या राजांकडे वळून तो म्हणाला, "करारात लिहिले म्हणून ही नदी आता कोणासाठी वाहणार नाही. एके वर्षी राक्षसीसारखी येईल, एके वर्षी सुतासारखी बारीक. जो एकटा तिच्यावर हक्क सांगेल त्याला तिचे पात्र कोरडे दिसेल. अग्नीचे वर मी मोडू शकत नाही. त्याला खाऊ घालणारे हात तुमचे आहेत." एवढे बोलून जलाधिपती अंतर्धान पावला.

पुढच्या वैशाखी पौर्णिमेला उग्रकेतू एकटाच पाण्यात उतरला. स्तंभ पुसल्यासारखा गुळगुळीत होता. रणंजय उतरला, त्यालाही काही दिसेना. दुपारपर्यंत दोघेही आपापल्या तीरांवर मुठी आवळून उभे राहिले. अखेर, आपापल्या पुत्राच्या मारेकऱ्याकडे न पाहता, ते पाण्यात शिरले आणि स्तंभासमोर खांद्याला खांदा लावून उभे राहिले. उग्रकेतूचा हात तलवारीच्या मुठीवर होता, रणंजयाचाही होता. हळूहळू दगडावर रेषा उमटल्या.

तीरावर बसलेल्या अंध वैतसीने विचारले, "किती?"

"पाच," दोघे एकदमच म्हणाले.

मग उग्रकेतू घोगऱ्या स्वरात म्हणाला, "अडीच रेषांत माझे निम्मे पाट बंद करावे लागतील. तेवढ्या भट्ट्याही."

"माझा ऊस संपला," रणंजय म्हणाला. "लोकांना मी काय सांगू?"

"मी जे सांगेन तेच सांग. नाहीतर ते आपल्या दोघांनाही कापतील."

त्या वर्षी दोन्ही राज्यांत मळे मोडले, निम्म्या भट्ट्या थंड पडल्या आणि उपासमार झाली, पण युद्ध झाले नाही. वैतसीने आणखी अकरा वैशाख ऐकले आणि स्तंभापाशीच देह ठेवला. धवलशृंगावर हिम पुन्हा जुन्या कडेपर्यंत आले नाही, आणि तेव्हापासून नीहारा कोणत्याही दोन वर्षांत सारखी वाहत नाही. अश्मकूट आणि शालिप्रस्थ यांच्यात मैत्रीही झाली नाही. सोयरीक होत नाही, एकमेकांचे अन्न ते खात नाहीत. पण दर वैशाखात, उगवतीला, वरच्यांतला एक आणि खालच्यांतला एक असे दोघे कमरेला शस्त्रे बांधून थंडगार पाण्यात उतरतात आणि दगडावर रेषा उमटेपर्यंत दोघांपैकी कोणीही शेजाऱ्यापासून तसूभरही सरकत नाही.