पाच राज्यांची फौज

सात वर्षांच्या लढाईत पाचही राज्यं बेचिराख झाली. पुन्हा कुणी कुणावर चाल करू नये म्हणून पाचांनी मिळून एकच फौज ठेवायचं ठरलं.

"तिला हुकूम मी एकटाच देणार!" सर्वांत बलाढ्य राजा रणधवल गरजला. बाकीचे खाली मान घालून बसले.

चिमुकल्या सारंगगडची वृद्ध राणी भानुमती म्हणाली, "कबूल. फक्त तहात एक ओळ घाला. हुकूम देणाऱ्याचा मुलगा पहिल्या रांगेत उभा राहील."

"माझा एकच मुलगा उरलाय!"

"माझा तेवढाही उरला नाही, महाराज."

रणधवलाने टाक उचलून तहात हुकूम देणारा म्हणून लिहिलेलं 'एक राजा' खोडलं आणि 'पाचही राजे मिळून' लिहिलं. राणीची ओळ तशीच राहिली. त्या फौजेला कूच करायचा हुकूम कधीच सुटला नाही.