पुढे पूल नाही

एकदा एका नव्या सुनेच्या कानावर तिच्यासाठी नसलेलं बोलणं पडलं. सासूबाई बहिणीशी फोनवर बोलत होत्या. सून गच्चीवर आहे असा त्यांचा समज; सून होती जिन्याच्या वळणावर, हातात कुरडयांचं ताट घेऊन.

"गुणी आहे गं पोरगी, त्यात वाद नाही. पण घरात आहे की नाही, हे खोलीतला पंखा फिरताना दिसला तरच कळतं! नव्या गाळ्यावरून घरात एवढा खल चाललाय आणि ही आपली मेथी निवडत बसते. ना हो, ना नाही. परकंच वाटतं गं अजून तिला हे घर."

पंख्याचं तिला हसू आलं. शेवटचं वाक्य मात्र रुतून बसलं.

तिचे सासरे, म्हणजे अण्णा, भांड्यांचे व्यापारी. पेठेतलं चालतं दुकान विकून नव्या उड्डाणपुलाखालच्या रस्त्यावर मोठा गाळा घ्यायचं त्यांनी मनावर घेतलं होतं. तिथे वाहनांची सदा झुंबड. "गिऱ्हाईक दारातून वाहतंय," असं अण्णा कौतुकाने म्हणत. सून रोज त्याच रस्त्याने पलीकडच्या वाचनालयात एका वृद्ध गुरुजींकडे संस्कृत शिकायला जाई. तिच्या लक्षात आलं होतं की पुलाचा मधला तुकडा अजून बसायचा आहे, म्हणून सारी वाहनं खालून रांगत जातात. तो बसला की गाळ्यापुढे उरेल एक सिमेंटची भिंत आणि तिच्या सावलीत बसलेली कुत्री.

एकदा तिने तोंड उघडलंही होतं. "मला आपलं असं वाटतं हं, म्हणजे मला त्यातलं फारसं कळत नाही, पण..." एवढी प्रस्तावना होईपर्यंत नवरा म्हणाला, "चहा टाकतेस का?" तिने चहा टाकला.

आणि आज संध्याकाळी अण्णा गाळेमालकाला शब्द देणार होते.

त्या दुपारी वाचनालयात गुरुजींचं प्रवचन होतं. त्यांचा गुडघा दुखत होता, म्हणून ती त्यांना घरून न्यायला गेली. रिक्षाची वाट बघता बघता तिने सगळं सांगून टाकलं. बोलणं, गाळा, पूल. गुरुजी वाणीच्या संयमाची थोरवी नेहमी सांगत. आज ते आपली पाठ थोपटतील, अशी तिला आशा होती. गुरुजींनी ऐकून घेतलं आणि रिक्षा आली तसे ते आत बसले.

रिक्षावाला तरुण होता, गावात नवा. "मी इथला नाही, बाबा. पण काळजी नको, ही बाई सगळं सांगते," असं म्हणत त्याने फोनवर टिचकी मारली. फोनमधल्या बाईने लगेच तोंड उघडलं. डावीकडे वळा. सरळ जा. न विचारता बोलते आणि सगळे ऐकतात, सुनेच्या मनात आलं.

"पुढे पुलावर चढा," बाई म्हणाली. तिच्या नकाशात पूल कधीच पूर्ण झाला होता.

चढणीच्या तोंडाशी वाट अडवायला ठेवलेली पिंपं कोणीतरी बाजूला सारली होती. सुनेने गुरुजींकडे पाहिलं. ते रोज याच वाटेने जात, तेच सांगतील. गुरुजी बाहेर बघत होते. रिक्षा चढू लागली. तिची जीभ मात्र उचलेना.

वर पूल संपला. पुढे नुसत्या उघड्या सळ्या आणि खाली रस्ता. रिक्षावाल्याने करकचून ब्रेक दाबला. मागे एक टेम्पो, त्याच्यामागे गाड्या. सगळे त्याच बाईच्या शब्दावर आलेले. वळायला जागा नाही. हॉर्नचा नुसता कल्लोळ. पलीकडे वाचनालयात श्रोते खोळंबलेले.

"गुरुजी, तुम्हाला माहीत होतं!" तिचा आवाज तिलाच अनोळखी वाटला. "मग बोलला का नाहीत?"

"त्याने मला विचारलं नाही," गुरुजी शांतपणे म्हणाले. "आणि तू?"

रिक्षावाल्याने मागे वळून दोघांकडे पाहिलं.

"ताई, तुम्हालाही ठाऊक होतं? आणि इथवर येऊ दिलंत? मी परका, म्हणून मजा बघत होतात होय?"

"नाही हो, तसं नाही..." ती म्हणाली.

गुरुजींनी आधी त्या तरुणापुढे हात जोडले. "चूक माझी, बाळा." मग ते तिच्याकडे वळले. "या यंत्राला पुढचं ठाऊक नाही, तरी ते 'बहुधा' म्हणत नाही, की 'मला आपलं वाटतं' म्हणत नाही. ज्याला ठाऊक आहे तो मात्र आदब सांभाळत बसतो. मग वाहन कोणाच्या शब्दावर चालणार? संयम मीच शिकवला तुला. बोलण्याआधी पारखून घ्यावं, एवढ्यासाठी तो असतो. तू पारखलंस, रोज पारखलंस. त्यानंतरही गप्प राहण्यात आपली सोय असते. चुकलो तर बोल लागत नाही, खरे ठरलो तर मनातल्या मनात शहाणे. आत्ता माझा राग आला ना? तो विसरू नकोस. घरच्यांना तुझा असाच राग यायचा आहे."

ती रिक्षातून उतरली. गाड्यांच्या कडेकडेने पुलाच्या पायथ्याशी गेली. आणखी वाहनं चढतच होती. "अहो, जरा... पुढे बहुतेक..." ती म्हणाली. मोटरसायकलवाला ढुंकूनही न बघता वर गेला. तिने पदर खोचला आणि येणाऱ्या ट्रकपुढे हात उभारला. "पुढे पूल नाही! मागे घ्या!"

ट्रक थांबला. त्याच्या मागचेही थांबले. एकेक करत वरची वाहनं उलटी उतरू लागली.

घरी पोचेपर्यंत दिवेलागण झाली होती. बैठकीत सगळे जमले होते. पेढ्यांचा पुडा उघडून ठेवलेला. अण्णांच्या कानाला फोन होता आणि पलीकडे गाळेमालक. "हां, तर मग आमच्याकडून..." अण्णा म्हणत होते. सासूबाईंनी हाताने तिला खूण केली, आधी पाय धुऊन ये.

ती तिथेच उंबऱ्याशी उभी राहिली.

"अण्णा, शब्द देऊ नका. पूल सुरू झाला की ती सगळी गर्दी वरून जाईल, आपल्या दुकानापुढे कोणी थांबणार नाही. मी रोज बघते. उद्या सकाळी चला, मी दाखवते."