भिंतीच्या अलीकडे

“मग मला तळाच्या कामावर का पाठवत नाही, चाचा? माझ्या हाताला अजून काय कमी आहे?”

हे विचारताना सुजय कोयंडेचा आवाज जरा चढलाच. गोदीत नवी विनाशिका उभी राहत होती, आणि तिच्या तळाची जोडणी करायला मिळणं हा वेल्डर लोकांत मोठा मान. तिथे कुणी जायचं ते हसनचाचा परकार ठरवायचे. सुजय हा त्यांचा सगळ्यांत हुशार शिष्य. चाचांना ते ठाऊक होतं. सुजयला तर त्याहून जास्त ठाऊक होतं.

सुजयनं जोडलेल्या भिंतीवरून चाचांनी बोट फिरवलं. जहाजाच्या पोटात अशा पोलादी भिंती असतात. एका खणात पाणी शिरलं तरी शेजारचा कोरडा राहावा म्हणून. पलीकडच्या खणात पाणी भरून आज हिची परीक्षा व्हायची होती.

“सांध्यावर ग्रायंडर कशाला फिरवलास?”

“सफाईदार दिसावा म्हणून. बघा ना, कुठे जोडलंय ते कळतं तरी का?”

“हं... अलीकडे या खणात कोण राहणार?”

“खलाशी. इथे त्यांचे बिछाने लागणार.”

“या भिंतीला पाठ लावून जो झोपेल, त्याचं नाव काय?”

सुजयला हसू आलं. “चाचा, तो अजून भरती तरी झालाय का? शाळेत जात असेल कुठेतरी.”

“मग तोवर त्याच्या जागी तू टेक. डोळे मीट.”

म्हातारा आज लहरीत दिसतोय, असं मनात म्हणत सुजय पाठ टेकून बसला. चाचांनी हाक दिली. पलीकडे पाणी सुटलं.

आधी नुसता आवाज आला. मग गारवा. पोलादातून तो कमरेला लागला, हळूहळू पाठीवर चढू लागला. आपलं हसू कधी मावळलं ते सुजयला कळलंच नाही. मागे एवढं पाणी उभं होतं, आणि मध्ये फक्त त्याचं काम होतं.

गारवा खांद्याशी आला तसे त्यानं डोळे उघडले.

“चाचा... पाणी थांबवा.”

पाणी थांबलं. चाचांनी बॅटरीच्या उजेडात सांधा न्याहाळला.

“गळत नाही रे.”

“माहीत आहे.”

“मग?”

हे सांगितलं की तळाचं काम हातचं गेलं, हे सुजयला लख्ख दिसत होतं. तरी त्यानं सांगितलं.

“खांद्याच्या वर वेल्डिंगचा रॉड संपला म्हणून मी तो बदलला होता. तिथे बारीकसं भोक राहिलं. तेवढी जागा खरवडून पुन्हा भरायची, ते सोडून मी ग्रायंडर फिरवला. भोक वरून बुजलं, आत तसंच राहिलं.”

चाचांनी बॅटरी त्या जागेवर नेली.

“पाणी वर चढलं असतं, तरी आज गळलं नसतं.”

“आज नसतं, चाचा.”

चाचांनी पाणी उपसायला सांगितलं. सुजयनं खडू घेऊन त्या जागेवर फुली मारली. त्याला मान वर करवत नव्हती.

“मला तळाला नको, शेडमधल्या किरकोळ कामावरच ठेवा.”

“हे खरवडून नीट भर. मग उद्या तळाच्या कामावर जा.”

“मी? मी तर दडवलं होतं, चाचा. तुम्हालासुद्धा दिसलं नसतं.”

चाचांनी बॅटरी विझवली.

“तू बोललास तेव्हा भिंत कोरडी होती, सुजय. ती ओली होईपर्यंत गप्प बसणारे माझ्याकडे पुष्कळ आहेत.”