बिबड्यांचं लायसन

तापीकाठच्या चिंचपाडळी गावात एक भोळा माणूस होता. असा एकच आहे, असं गाव म्हणायचं. त्यात गावाने स्वतःला धरलं नव्हतं.

त्याचं नाव सुपडू. सांगितलं की करायचा. सांगितलं तसंच करायचा. आणि त्याची एक खोड होती. एकदा शिकलेली गोष्ट तो वाया जाऊ द्यायचा नाही.

घरात सुपडू, त्याची माय, वडील अण्णा आणि देवका वहिनी. मोठा भाऊ ट्रकवर असायचा, म्हणजे घरात तो फोटोपुरता. अण्णा पूर्वी सरपंच होते. त्यांचं सरपंचपद जाऊन जमाना झाला होता, पण ते अण्णांना सांगायची कुणाची हिंमत नव्हती. त्यांना सगळं कळायचं. न विचारता कळायचं.

देवका वहिनी ज्वारीचे बिबडे, म्हणजे तळून खायचे जाड पापड, करायची. मागच्या अंगणात तिची पत्र्याची शेड होती. गल्लीतल्या बायका तिथे ज्वारीचा घाटा शिजवायच्या, ओल्या फडक्यावर थापायच्या, उन्हात वाळवायच्या. शहरातल्या एका मोठ्या दुकानदाराने ते बिबडे खाल्ले आणि म्हणाला, "ताई, कराल तेवढे घेतो. फक्त अन्नखात्याचं लायसन दाखवा."

अण्णांना हसू आलं. "आमच्या बापजाद्यांनी बिबडे खाल्ले. कुणाकडे होतं लायसन? हे बघ सूनबाई, आखाजीपर्यंत, अक्षय्य तृतीयेच्या सणापर्यंत थांबतो. तोवर कागद आला नाही तर शेड माझ्या म्हशींना. म्हशी कुणाकडे कागद मागत नाहीत."

म्हणजे कागद आला तर वहिनीचा धंदा, नाही आला तर म्हशींचा गोठा. वहिनीने त्याच दिवशी अर्ज केला.

अन्नखात्याचे साहेब आले. तरुण, सडपातळ, चांगले उंच. त्यांनी शेड पाहिली, पिंप पाहिलं, नाक वर करून जाळी पाहिली. जाताना म्हणाले, "ह्या दारातून जे जे बाहेर जाईल, त्या प्रत्येकावर चिठ्ठी हवी. कधी तयार झालं, कधीपर्यंत चांगलं राहील, कसं ठेवावं."

"ऐकलंत ना भावजी?" वहिनी म्हणाली. "चिठ्ठीशिवाय काही बाहेर सोडू नका."

सुपडूने मान हलवली. चिठ्ठ्या आणि खळ घेऊन तो दारात बसला.

दुसऱ्या दिवशी अण्णा धोतर-कोट घालून ग्रामसभेला निघाले. निघाले ते त्याच दारातून.

"अण्णा, तुम्ही कधीचे?" सुपडूने विचारलं.

"मोठा पूर आला त्या सालचा. का रे?"

"काही नाही. जरा वळा."

एक गोष्ट राहिली होती. सुपडू मायकडे गेला. "माय, अण्णा कधीपर्यंत चांगले होते?"

माय तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "लग्नाआधी होते म्हणतात. मी काही पाहिलं नाही."

अण्णा ग्रामसभेत पहिल्या रांगेत बसले. मागच्या रांगेने वाचलं. मग त्यामागच्या रांगेने उठून वाचलं. अण्णांच्या पाठीवर लिहिलं होतं, 'तयार : मोठ्या पुराचं साल. उत्तम : लग्नाआधीपर्यंत. थंड व कोरड्या जागी ठेवावे.'

अण्णा घरी आले ते कोट हातात घेऊनच. "गाढवा! जित्या माणसाला कुणी चिठ्ठी लावतं का?"

वहिनी पदर तोंडाला लावून हसत होती. हसू आवरून तिने समजावलं, "भावजी, चिठ्ठी मालाला. माणसाचा नियम वेगळा. शेडच्या दारात माणूस आला की आधी त्याच्या चपला काढायच्या, मग हात धुवायला लावायचे, मग डोक्याला टोपी. त्याशिवाय कुणी का असेना, आत सोडायचं नाही."

सुपडूने मान हलवली. सुपडू शिकला. आणि शिकलेलं वाया घालवणारा तो नव्हता.

पुढच्याच आठवड्यात चुलीतली ठिणगी उडाली आणि शेडमागच्या कडब्याच्या गंजीने पेट घेतला. अण्णांच्या म्हशींचा वर्षाचा चारा. तिकडे जायची वाट शेडमधूनच. गल्ली बादल्या घेऊन धावली. सगळ्यात पुढे शेजारचा दगाजी पैलवान.

दारात सुपडू आडवा उभा होता. "दगाजीभाऊ, चपला."

"अरे, आग लागलीय!"

"दिसतेय ना. चपला काढा. आता हात धुवा."

"कशाने धुऊ?"

"बादलीत पाणी आहे की."

दगाजीने हात धुतले. मागच्यानेही धुतले. सगळ्या गल्लीने बोटांच्या बेचक्यांसकट हात धुतले, कारण सुपडू नीट बघून सोडत होता. मग टोप्या घातल्या. मग स्वच्छ हात, झाकलेली डोकी आणि रिकाम्या बादल्या घेऊन सगळे आत गेले, आणि जळून गेलेल्या गंजीसमोर ओळीने उभे राहिले. बारशाला आल्यासारखे.

शेड वाचली, कारण वारा उलटा होता. चारा वाचला नाही. अण्णा मटकन ओट्यावर बसले.

"भावजी," वहिनी कपाळाला हात लावून म्हणाली, "आपल्यासाठी धावत आलेल्या माणसाला असं अडवतात का? दारी आलेल्याला या म्हणावं, बसा म्हणावं, गरम गरम खाऊ घालावं. नको म्हटलं तरी ऐकू नये. आपल्या खानदेशात कोरड्या तोंडाने कुणाला पाठवत नाहीत."

सुपडूने मान हलवली. सुपडू शिकला.

साहेब पुन्हा आले. ह्यावेळी बिबड्यांचा नमुना प्रयोगशाळेत न्यायचा होता. त्यांनी बिबडे पिशवीत घातले, पिशवी बांधली, लाखेचं सील मारलं, वहिनीची सही घेतली. पिशवी खुर्चीवर ठेवून ते वहिनीबरोबर विहिरीचं पाणी पाहायला गेले.

"चहा तरी घ्या साहेब," सुपडू म्हणाला होता.

"नको."

"मग बिबडे?"

"हे काय, घेतलेत ना."

सुपडूने पिशवीकडे पाहिलं. आत कच्चे बिबडे. दारी आलेल्या माणसाच्या हातात कच्चे बिबडे! सुपडूला लाजेने घाम फुटला. त्याने सील फोडलं, कढई ठेवली, बिबडे खरपूस तळले. सोबत कांदा चिरला. शेंगदाण्याची चटणी घातली, वर तेलाची धार सोडली. पिशवी पुन्हा बांधली, लाख मेणबत्तीवर वितळवून जशीच्या तशी लावली. साहेब नको म्हणाले होते, पण ते ऐकायचं नव्हतं.

काही दिवसांनी साहेब आले ते तेलाने पारदर्शक झालेली फाइल घेऊन. "बाई, प्रयोगशाळेत पिशवी उघडली. आत तळलेले बिबडे, कांदा आणि चटणी."

"आवडले का?" सुपडूने विचारलं.

साहेबांनी फाइल मिटली. "तो मुद्दा नाही."

वहिनीने हात जोडले, चूक कबूल केली, नवा नमुना दिला. साहेब माणूस चांगला होता. "हा नीट निघाला तर आखाजीच्या आदल्या दिवशी कागद घेऊन येतो," म्हणाले. "त्या दिवशी शेडची शेवटची पाहणी. ती नापास झाली तर माझ्या हातात काही नाही."

ते गेल्यावर वहिनी सुपडूकडे वळली. "भावजी, नमुन्याला शिजवायचं नसतं, तळायचं नसतं. चार ठिकाणचं थोडं थोडं काढायचं, पिशवीत घालायचं, सील मारायचं. बाकी काही नाही. काही म्हणजे काही नाही!"

सुपडूने मान हलवली. सुपडू शिकला.

आखाजी जवळ आली. वहिनीला लग्नातला शालू नेसायचा होता, पण ब्लाउज विरला होता. ती कामात होती. बसल्या जागेवरून म्हणाली, "भावजी, कपाटात माझा मोरपंखी शालू आहे. बाजारात जा, दुकानदाराला रंगाचा नमुना दाखवा आणि जुळेल असं ब्लाउजचं कापड आणा."

सुपडूने शालू काढला. घडी मोडली. थोडा पदराचा तुकडा कापला, थोडा काठाचा, थोडा मधला, थोडा निऱ्यांचा. चारही तुकडे पिशवीत घातले, लाख लावली. शालूची पुन्हा छान घडी घातली. कापडही अगदी जुळणारं आणलं.

"रंग तंतोतंत जुळला, वहिनी! दुकानदार म्हणाला, असा पक्का नमुना कुणी आणत नाही."

वहिनीने शालू उलगडला. शालूतून तिला सुपडू दिसला. ती रडली नाही, ओरडली नाही. तिने कात्री उचलून माळ्यावर फेकली आणि दातांवर दात ठेवून म्हणाली, "चांगल्या वस्तूला हात लावायचा नाही. ज्यात दोष असेल तेवढंच वेगळं काढायचं. त्याला लाल चिठ्ठी लावायची, मागच्या खोलीत टाकायचं, कुलूप ठोकायचं. त्या खोलीतली चीज बाहेर फिरता कामा नये. संध्याकाळी खड्डा खणायचा, चुना टाकायचा आणि पुरून मोकळं व्हायचं. साहेबांचाच नियम आहे. उद्या शेवटची पाहणी आहे भावजी, एवढं एक नीट करा. माझं सगळं त्याच्यावर आहे."

सुपडूने मान हलवली. आता मात्र वहिनीसाठी चुकायचं नाही.

सकाळी वहिनी गिरणीवर दळण आणायला गेली. सुपडू लाल चिठ्ठ्या घेऊन शेडभर दोष शोधू लागला. बिबडे उन्हात धरून पाहिले, चांगले. पीठ चांगलं. पिंप घासलेलं, जाळी झटकलेली. दोष कुठेच मिळेना. त्याला रडू यायचं बाकी राहिलं.

तो ओट्यावर गेला. "अण्णा, आपल्याकडे दोष कशात आहे?"

अण्णा तंबाखू मळत होते. विचारलं नसतं तरी सांगणार होतेच. "आपल्याकडे? आपल्या बिबड्यात दोष नाही, पाण्यात नाही, शेडमध्ये नाही! सगळा दोष त्या साहेबात आहे. लिहून घे माझ्याकडून!"

सुपडूने लिहून घेतलं. लाल चिठ्ठीवरच.

तेवढ्यात साहेब आले. हसत होते. शेड पाहून म्हणाले, "वा! एकही दोष नाही."

"आहे," सुपडू म्हणाला. "मागच्या खोलीत चला, दाखवतो."

दुपारी वहिनी डोक्यावर दळण घेऊन आली. अण्णा ओट्यावर घोरत होते. सुपडू परसात कमरेएवढ्या खड्ड्यात उभा होता, अंगभर माती.

"साहेब आले होते का भावजी?"

"आले. पाहणीत बाकी सगळं पास. फक्त तेच नापास. लाल चिठ्ठी लावून वेगळे काढलेत."

वहिनीच्या डोक्यावरचं दळण खाली आलं. आवाजाने अण्णा जागे झाले. मागच्या खोलीचं दार आतून धडधडत होतं.

"साहेब!" वहिनी दाराशी धावली. "साहेब, माफ करा हो! भावजी, किल्ली आणा!"

"बाई, आधी मला बाहेर काढा!" आतून साहेब ओरडले. "लायसन कधीच तयार आहे! सही-शिक्क्यासकट आणलं होतं. सोडेल म्हणून दाराखालून तुमच्या माणसाला सरकवलं ना मघाशी!"

वहिनीने सुपडूकडे पाहिलं. अण्णांनी म्हशींकडे पाहिलं.

"भावजी, कागद कुठे आहे?"

"त्या खोलीतली चीज बाहेर फिरता कामा नये ना?" सुपडू अभिमानाने म्हणाला आणि त्याने खड्ड्यात फावडं आपटलं. "सगळ्यात आधी तोच पुरला, चुना टाकून. पण तुम्ही घाबरू नका वहिनी, वर साहेबांपुरती जागा ठेवलीय. फक्त ते लांबीला जास्त आहेत. अण्णा, जरा त्या बाजूने धरता का?"